बालाजी वेफर्स : सिनेमाच्या कँटीनपासून चार राज्यांच्या बाजारापर्यंत

प्रश्न असा आहे की राजकोटच्या एका चित्रपटगृहाच्या कँटीनमधून निघालेली बालाजी वेफर्स ही कंपनी पेप्सिकोसारख्या बहुराष्ट्रीय कंपनीसमोर टिकली कशी, आणि तिच्या इतिहासातून आज महाराष्ट्रात वेफर्स-फरसाणाचा कारखाना काढू पाहणाऱ्याने नेमके काय घ्यावे. या धंद्यात उत्पादन आणि वितरण अशा दोन्ही बाजूंना मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे हे उत्तर कारखाना आणि दुकानाची फळी यांच्यामधल्या अंतराकडे पाहून देतो. कंपनीची कथा बहुधा गरिबीतून श्रीमंतीकडे अशा चालीने सांगितली जाते. ती खोटी नाही, परंतु तेवढ्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण कष्ट आणि जिद्द असलेले वेफर्सवाले सौराष्ट्रात, पुण्यात आणि इंदुरात शेकड्यांनी होते. माझ्या मते बालाजीचा इतिहास हा मुख्यतः एका हलक्या, फुगीर आणि लवकर सादळणाऱ्या मालाला रोजच्या रोज दुकानापर्यंत पोहोचवण्याचा इतिहास आहे, आणि कंपनीचे बहुतेक मोठे निर्णय त्या एका गरजेतून समजतात.

विराणी कुटुंब जामनगर जिल्ह्यातील कालावड तालुक्यातले, धुनधोराजी या गावचे शेतकरी. पाऊस आणि पीक यांचा भरवसा उरला नाही तेव्हा, 1972 मध्ये, वडील पोपटभाईंनी वडिलोपार्जित जमीन विकली आणि 20,000 रुपये मुलांच्या हाती दिले. मुलांनी राजकोटला खते आणि शेतीची अवजारे विकण्याचा धंदा सुरू केला आणि तो दोनेक वर्षांत बुडाला. त्यानंतर 1974 मध्ये भावांना ॲस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनमध्ये काम मिळाले. चंदुभाई विराणी तेव्हा अजून विशीतही पोहोचले नव्हते. पोस्टर चिकटवणे, दाराशी उभे राहून तिकिटे तपासणे आणि मध्यंतरात खाण्याचे पदार्थ विकणे अशी सगळी कामे त्यांनी केली. पुढे कँटीन चालवायचा करार भावांकडेच आला. घरातल्या बायका सँडविच करून देत आणि वेफर्स बाहेरच्या पुरवठादाराकडून येत.

या टप्प्याला मी जास्त महत्त्व देतो, कारण चित्रपटगृहाचे कँटीन हे या मालासाठी विलक्षण कठोर शिक्षण असते. मध्यंतर काही मिनिटांचे, गिऱ्हाईक एकदम अंगावर येणारे, आणि पडदा पुन्हा उजळला की विक्री संपली. तिथे माल नसेल तर ते गिऱ्हाईक संध्याकाळी परत येत नाही, ती विक्री कायमची गेलेली असते. पुरवठादार वेळेवर माल देत नसे, ही विराणी भावांची तक्रार त्यांच्या अनेक मुलाखतींतून आली आहे, आणि वेफर्स स्वतः करण्याचा निर्णय त्या तक्रारीतून झाला. नवा पदार्थ शोधावा किंवा ब्रँड उभारावा असा हेतू सुरुवातीला नव्हता. मागणी डोळ्यांसमोर उभी होती आणि पुरवठा हाती नव्हता. बहुतेक नवउद्योजक याच्या उलट क्रमाने जातात. ते आधी यंत्र घेतात, माल तयार करतात आणि मग दुकान शोधत फिरतात.

1982 मध्ये राहत्या घराच्या आवारात सुमारे 10,000 रुपये घालून एक शेड उभी राहिली आणि तिथे वेफर्स तळणे सुरू झाले. चंदुभाई दिवसा कँटीन सांभाळत आणि रात्री तळणाला बसत. साले काढणारे आणि काप करणारे तयार यंत्र परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी तसेच एक यंत्र स्थानिक पातळीवर करवून घेतले. राजकोट हे डिझेल इंजिने, लेथ आणि ओतकामाचे गाव असल्यामुळे हे शक्य झाले, असे मला वाटते. यंत्राचा सुटा भाग संध्याकाळी तुटला तर सकाळपर्यंत नवा करून देणारा कारागीर जिथे शेजारच्या गल्लीत आहे, तिथे खाद्यपदार्थांचा कारखाना चालवणे आणि तालुक्याच्या गावी चालवणे यांत फार फरक पडतो. कारखान्याची जागा ठरवताना आपण बटाटा, पाणी आणि वीज पाहतो, परंतु दुरुस्ती किती लांब आहे हे पाहत नाही.

वेफर्स तळणे सोपे दिसते, परंतु रोज एकसारखे तळणे सोपे नाही. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि तयार वेफरमध्ये ते दोन टक्क्यांच्या खाली आणावे लागते. हे पाणी जाताना त्याची जागा काही प्रमाणात तेल घेते, म्हणून वेफरच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असते. एक किलो वेफर्ससाठी चार किलोंच्या आसपास बटाटा लागतो. बटाट्यात घन भाग कमी असेल तर तेल जास्त पितो आणि हिशेब बिघडतो. त्यात साखर जास्त असेल तर काप तळताना तपकिरी-काळे पडतात आणि चव कडवट येते. तेलाचा ताव 170 ते 180 अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळावा लागतो. कढईत एकदम जास्त काप पडले की ताव उतरतो आणि वेफर तेलकट होतो. हाताने तळणारा चांगला आचारी हे सगळे आवाजावरून आणि बुडबुड्यांवरून ओळखतो. परंतु तो आचारी एक दिवस आला नाही तर त्या दिवसाचा माल वेगळा होतो. मालकालाच तळण येणे हे म्हणून या धंद्यात सुरुवातीच्या काळातले खरे भांडवल असते, आणि चंदुभाईंकडे ते होते.

1984 मध्ये मालाला बालाजी हे नाव मिळाले. नाव हनुमानाचे, आणि पाकीट साध्या प्लास्टिकचे. कँटीनच्या बाहेर, शहरातल्या दुकानांत जाताच निराळ्याच अडचणी पुढे आल्या. उरलेला, अर्धवट वापरलेला माल मऊ पडला म्हणून परत देणारे, फाटक्या नोटा देणारे आणि पैसे अडकवून ठेवणारे दुकानदार यांचे अनुभव चंदुभाईंनी सांगितले आहेत. या धंद्यात काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. परत येणारा माल आणि उधारी या दोनच गोष्टींनी लहान वेफर्सवाला मरतो. नफा पाकिटामागे काही पैशांत असतो, आणि वीस पाकिटांमागे एक पाकीट परत आले तरी आठवड्याची कमाई जाते. त्या काळातल्या साध्या पिशवीतून हवा आणि बाष्प सहज आत जात असे, पावसाळ्यात तर माल काही दिवसांत सादळायचा, म्हणून दुकानदाराची तक्रार पुष्कळदा खरीही असे. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे दुकानात थोडा माल ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा जायचे. मोठ्या खेपेने महिन्यातून एकदा माल टाकणाऱ्यापेक्षा लहान खेपेने आठवड्यातून दोनदा येणारा दुकानदाराला हवासा वाटू लागतो, कारण त्याचे पैसे गुंतत नाहीत आणि जागा अडत नाही. हा नियम 1984 मध्ये जितका खरा होता तितकाच आजही आहे.

1989 मध्ये बँकेचे कर्ज घेऊन राजकोटच्या ‘आजी’ नावाच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना उभा राहिला, आणि 1992 मध्ये चंदुभाई, भिखुभाई आणि कनुभाई या भावांनी बालाजी वेफर्स प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. घरच्या शेडपासून कारखान्यापर्यंत सात वर्षे गेली, आणि मला हा काळ योग्य वाटतो. कढईवरून सलग चालणाऱ्या तळणयंत्राकडे जाताना नुसते उत्पादन वाढत नाही, तर धंद्याचे स्वरूप बदलते. कढई थांबवता येते. सलग यंत्रणा थांबवली की तेल गरम राहून खराब होते, बटाटा पडून राहतो आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच असतो. म्हणून यंत्रणा घेण्यापूर्वी तिला रोज खाऊ शकेल एवढी दुकानांची साखळी तयार असावी लागते, आणि ती साखळी त्या सात वर्षांत राजकोट व सौराष्ट्रात तयार झाली होती.

याच काळात देशाचा बाजार उघडला. पेप्सिको नव्वदच्या दशकाच्या आरंभी भारतात आली, अमृत ॲग्रोचे अंकल चिप्स 1992 पासून शहरांत दिसू लागले, 1995 मध्ये लेज बाजारात आले, आणि 2000 मध्ये अंकल चिप्स हा ब्रँडही पेप्सिकोने विकत घेतला. कुरकुरे 1999 चे, तर आयटीसीचे बिंगो 2007 चे. या घटनांकडे स्थानिक उत्पादकांवर आलेले संकट म्हणून पाहण्याची सवय आहे. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी जाहिरातींवर जो पैसा ओतला त्यामुळे बंद पाकिटातले वेफर्स ही रोज विकत घेण्याची वस्तू झाली. त्याआधी मध्यमवर्गीय घरांत वेफर्स उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून डब्यात भरायचे किंवा फरसाणाच्या दुकानातून वजनावर आणायचे. धातूचा थर दिलेली फिल्म, पाकिटात नायट्रोजन भरणे, पाकिटांच्या माळा दुकानाच्या दारात टांगणे, पाच आणि दहा रुपयांच्या ठरावीक किमती, हे सगळे बाजारात रुळले. ज्या प्रादेशिक कंपन्यांनी ते तंत्र लवकर उचलले त्यांना मोठ्या कंपन्यांनी तयार केलेले गिऱ्हाईक आयते मिळाले.

फिल्मचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटतो. वेफर दोन कारणांनी बिघडतो. बाष्प शिरले की तो सादळतो, आणि प्राणवायू व प्रकाश यांच्यामुळे त्यातले तेल खवट होते. साधी पारदर्शक पिशवी या दोन्हींपासून संरक्षण देत नाही. धातूचा पातळ थर दिलेली, एकावर एक जोडलेली फिल्म दोन्ही अडवते, आणि आत हवेऐवजी नायट्रोजन असला की माल काही दिवसांऐवजी काही महिने टिकतो. त्याच नायट्रोजनमुळे पाकीट फुगते आणि नाजूक वेफर्स प्रवासात मोडत नाहीत. पाकिटातल्या हवेबद्दल गिऱ्हाईक रागावते, परंतु त्या वायूशिवाय हातात भुगाच येईल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फुगलेले पाकीट म्हणजे वाहतुकीत बहुतांश वायू वाहून नेणे. वेफर्सचा ट्रक वजनाने भरण्याच्या कितीतरी आधी आकारमानाने भरतो. सिमेंटच्या किंवा साखरेच्या ट्रकला किलोमीटरमागे जो खर्च येतो तोच वेफर्सच्या ट्रकला येतो, परंतु त्यात माल मूठभर असतो. त्यामुळे कारखान्यापासून जसजसे दूर जावे तसतसा पाकिटामागचा वाहतूक खर्च इतका वाढतो की पाच रुपयांच्या पाकिटात तो मावेनासा होतो. पाकिटावरची किंमत सगळीकडे सारखी असते, म्हणून हा खर्च एक तर नफ्यातून जातो नाही तर आतल्या वजनातून. जवळच्या कारखान्याला हे संरक्षण आपोआप मिळते. राजकोटमध्ये बनलेले वेफर्स राजकोटमध्ये विकताना जो खर्च वाचतो तो बालाजीने पाकिटात जास्त ग्रॅम घालून गिऱ्हाईकाला दिला, आणि गुजरातेतल्या दुकानांत तिचे पाकीट त्याच किमतीच्या प्रतिस्पर्धी पाकिटापेक्षा भरलेले दिसू लागले. जाहिरातीवरचा खर्च कंपनीने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत कमीच ठेवला. लोक याला साधेपणा म्हणतात, मी याला हिशेब म्हणेन. ठरावीक किमतीच्या मालात उत्पादकाच्या हातात बदलता येण्याजोगी गोष्ट वजन हीच असते, आणि वजन देण्यासाठी पैसा कुठून तरी वाचवावाच लागतो.

कंपनी विस्तारली तीही याच तर्काने. 2008 च्या सुमारास दक्षिण गुजरातेत वलसाडला दुसरा मोठा कारखाना सुरू झाला. नकाशा समोर ठेवला की त्याचे कारण कळते. राजकोटहून मुंबईकडे येणारा ट्रक खंभातच्या आखाताला पूर्ण वळसा घालून येतो, तर वलसाड मुंबईपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, थेट महामार्गावर आणि लोहमार्गावर आहे. सुरत, वापी, पालघर, ठाणे, मुंबई आणि नाशिक हा सारा दाट वस्तीचा पट्टा त्या एका जागेवरून एका रात्रीच्या प्रवासात येतो. त्यानंतर इंदूरजवळ पिथमपूर इथे तिसरा कारखाना 2016 च्या सुमारास उभा राहिला. इंदूरहून माळवा तर जवळ आहेच, शिवाय खानदेश आणि पश्चिम विदर्भाकडे उतरणारे रस्तेही तिथूनच निघतात. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सलग भूभागाबाहेर कंपनीने घाईने उडी घेतली नाही. दिल्ली किंवा बंगळूर इथे आधी वितरक नेमून माल पाठवायचा आणि मग पाहायचे, असा मोह या आकाराच्या कंपनीला फार होतो. तसे केलेल्या काही कंपन्या मी जवळून पाहिल्या आहेत. लांबच्या बाजारात पोहोचेपर्यंत मालाचे निम्मे आयुष्य संपलेले असते, परत येणारा माल परत आणणेही परवडत नाही, आणि घरच्या बाजारात द्यायचा पैसा तिथे मुरतो.

या दृष्टीने हल्दीरामची तुलना उद्बोधक आहे. बिकानेरच्या गंगाबिशन अग्रवाल, म्हणजे हल्दीराम, यांची भुजिया मटकीच्या पिठाची, बारीक आणि घट्ट. एक किलो भुजिया जेवढ्या जागेत मावते तेवढ्या जागेत वेफर्स फारच थोडे मावतात, आणि ती मोडली तरी भुजियाच राहते. असा माल लांब जाऊ शकतो. त्यामुळे त्या कुटुंबाच्या शाखा कोलकाता, नागपूर आणि दिल्ली अशा एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत रुजल्या आणि प्रत्येक शाखेने मिठाईचे दुकान व उपाहारगृह यांच्या आधाराने आपले साम्राज्य उभे केले. नागपूरच्या शाखेने संत्रा बर्फीला जी ओळख दिली ती महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. भुजिया देशभर पसरली आणि वेफर्स प्रदेशात राहिले यात उद्योजकांच्या महत्त्वाकांक्षेचा वाटा असेलच, परंतु मालाच्या घनतेचा वाटा त्याहून मोठा आहे असे माझे ठाम मत आहे. बालाजीने पुढे शेव, मूगडाळ, चणाडाळ, चिवडा असे नमकीन प्रकार वाढवले त्यालाही ही बाजू आहे. वेफर्सच्या त्याच ट्रकात घट्ट माल बरोबर गेला तर खेपेची किंमत वाढते आणि वाहतुकीचा खर्च दोघांत वाटला जातो. शिवाय डाळ व बेसन वर्षभर सारख्याच प्रतीचे मिळते, बटाटा मिळत नाही.

बटाट्याबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण वेफर्सच्या कोणत्याही कंपनीचा अर्धा इतिहास शेतात घडतो. भाजीचा बटाटा दोन ते चार अंशांच्या शीतगृहात ठेवतात. त्या थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि असा बटाटा तळला की काळा पडतो. वेफर्सचा बटाटा म्हणून दहा ते बारा अंशांवर, कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देऊन साठवतात, आणि तरीही तो अमर्याद टिकत नाही. जातीही वेगळ्या लागतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी चिप्सोना-1 आणि कुफरी चिप्सोना-2 या प्रक्रियेसाठीच्या जाती 1998 मध्ये दिल्या, तोपर्यंत लहान वेफर्सवाले ज्योतीसारख्या भाजीच्या जातींतून निवडून माल घेत. आता लेडी रोझेटासारख्या परदेशी जातीही गुजरातेत मोठ्या प्रमाणावर लावतात. उत्तर गुजरातेतल्या बनासकांठ्याची, विशेषतः डीसा परिसराची, वाळूमिश्रित जमीन आणि कोरडी थंडी या पिकाला मानवते. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. सौराष्ट्रातल्या कारखान्याला असा बटाटा आपल्याच राज्यात मिळणे ही बालाजीची दुसरी मोठी अनुकूलता होती.

या बटाट्यावरून झालेला एक वाद सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातेतल्या काही शेतकऱ्यांवर आपल्या एफसी-5 या नोंदणीकृत जातीची विनापरवाना लागवड केल्याबद्दल दावे दाखल केले. देशभर टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले. डिसेंबर 2021 मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या जातीची नोंदणीच रद्द केली, आणि जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेप्सिकोच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या बारकाव्यांत मी जात नाही. परंतु बियाणे ते पाकीट अशी पूर्ण साखळी ताब्यात ठेवण्याची बहुराष्ट्रीय पद्धत आणि शेतकऱ्याशी वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्यावर चालणारी प्रादेशिक पद्धत यांतला फरक त्या प्रकरणात स्पष्ट दिसला. सरकारी संस्थेने दिलेली जात कोणीही लावू शकतो आणि कोणीही विकत घेऊ शकतो. लहान उत्पादकाचे स्वातंत्र्य अशा सार्वजनिक संशोधनावर उभे असते, आणि त्याची दखल उद्योगाने फारशी घेतलेली नाही याचे मला वाईट वाटते.

भांडवलाबाबत बालाजीने जो मार्ग धरला तोही विचारात घ्यावा. कंपनीने दीर्घकाळ बाहेरचे भागभांडवल घेतले नाही. मोठ्या परदेशी कंपन्यांना तिच्यात रस असल्याच्या बातम्या वेळोवेळी छापून येत राहिल्या, तरी मालकी कुटुंबाकडे राहिली आणि उलाढाल पाच हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. इतरांनी वेगळे रस्ते निवडले. इंदूरची प्रताप स्नॅक्स 2017 मध्ये शेअर बाजारात गेली, बिकाजी 2022 मध्ये आणि राजकोटचीच गोपाल स्नॅक्स 2024 मध्ये. कोणता मार्ग श्रेष्ठ हे सरसकट सांगता येणार नाही. परंतु वेफर्सचा धंदा तेल आणि बटाटा या दोन चंचल वस्तूंवर चालतो, हे ध्यानात ठेवावे. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याकडे खाद्यतेलावरचे आयातशुल्क एकदम वाढले. अशा वेळी पाकिटाची किंमत वाढवता येत नाही. ज्याला दर तिमाहीला नफा दाखवायचा आहे त्याला लगेच वजन कमी करावे लागते. ज्याला तसे बंधन नाही तो दोन तिमाह्या कळ सोसून गिऱ्हाईक राखू शकतो. कुटुंबाच्या मालकीचा या धंद्यात झालेला प्रत्यक्ष फायदा मला तरी इथे दिसतो.

महाराष्ट्राकडे वळतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांची परंपरा, बाजार किंवा बटाटा यांपैकी काही कमी होते असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. तो गुजरातेतला साठवणीचा माल संपत आलेला असतो त्या सुमारास ताजा निघतो आणि म्हणूनच वेफर्सच्या कंपन्यांना हवा असतो. पुण्यात 1950 मध्ये सुरू झालेल्या चितळे बंधूंनी बाकरवडीसारखा हातकसबीचा पदार्थ यंत्रावर आणला आणि त्याची प्रत राखून दाखवली, हे तंत्रदृष्ट्या वेफर्सपेक्षा अवघड काम आहे. तरीही आपले बहुतेक चांगले उत्पादक फार काळ स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर विसंबून राहिले. गिऱ्हाईक आपल्या दारात येते, रोख देते, माल ताजा असतो, त्यामुळे परत मालाचा आणि उधारीचा त्रास नाही. ही पद्धत सुरक्षित आणि प्रतिष्ठेची आहे, तिला मी दोष देत नाही. परंतु तालुक्याच्या बाजारपेठेतल्या टपरीवर टांगलेली पाच रुपयांची माळ तिच्यामुळे दुसऱ्यांच्या ताब्यात गेली, आणि ते दुसरे बहुधा राजकोट-इंदूरकडचे होते.

आज नव्याने उतरणाऱ्याला बालाजीची 1982 ची पायरी तशीच चढता येणार नाही. तेव्हा दुकानात स्पर्धक माळा नव्हत्या. दुसरीकडे, यंत्रे देशात बनू लागली आहेत, फिल्म सहज मिळते, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आल्यामुळे सुट्या मालाच्या आणि पाकीटबंद मालाच्या करातली दरी मिटली आहे. माझा सल्ला विचाराल तर साधा बटाटा वेफर पाच रुपयांच्या पाकिटात घेऊन मोठ्यांच्या समोर उभे राहू नका, तिथे त्यांच्या यंत्राचा वेग तुम्हाला गाठता येणार नाही. घट्ट, प्रवास सोसणारा आणि आपल्या भागाची चव असलेला माल आधी घ्या. कोल्हापुरी भडंग, नाशिकचा चिवडा, खानदेशातली लसणाची शेव यांना त्यांच्या जिल्ह्यात गिऱ्हाईक तयार आहे, जसे ॲस्ट्रॉनच्या मध्यंतरात ते विराणी भावांना तयार मिळाले होते. एका रात्रीत पोहोचता येईल एवढाच परिसर धरा, त्यातल्या प्रत्येक दुकानात आठवड्यातून दोनदा जाणारी गाडी लावा, उधारी आठवड्यापलीकडे जाऊ देऊ नका, आणि परत आलेल्या प्रत्येक पाकिटाची तारीख, दुकान व कारण लिहून ठेवा. सहा महिन्यांच्या त्या नोंदींवरून कोणता पदार्थ कोणत्या रस्त्यावर चालतो हे कळेल, आणि सलग तळणयंत्रासाठी बँकेकडे जाताना तीच वही सोबत न्या.